तारांच्या वाटा

१९५८ सालचा जुलै महिना. डल्लसमधील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील बहुतेक मंडळी सामूहिक रजेवर गेली होती. जॅक किल्बी नोकरीत नवे होते, त्यांच्या खात्यावर रजा जमा झालेली नव्हती. जवळपास रिकाम्या प्रयोगशाळेत त्यांनी एक कल्पना वहीत उतरवली आणि १२ सप्टेंबरला वरिष्ठांपुढे जर्मेनियमचा एक लहानसा तुकडा ठेवला. ट्रान्झिस्टर, रोधक, धारक हे सगळे त्या एकाच तुकड्यात घडवलेले होते. जगातील पहिले इंटिग्रेटेड सर्किट म्हणून ते ओळखले जाते आणि त्यासाठी किल्बी यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्या तुकड्याचे छायाचित्र नीट पाहिले की एक गोष्ट खटकते. भाग एका तुकड्यात आले, तरी त्यांना जोडणाऱ्या सोन्याच्या बारीक तारा वरून कमानीसारख्या नेलेल्या आहेत. त्या हातानेच चिकटवलेल्या आहेत.

ज्या अडचणीतून सुटण्यासाठी हा खटाटोप चालला होता ती अडचणही तारांचीच होती. ट्रान्झिस्टर स्वस्त आणि छोटा झाला होता. पण हजारो ट्रान्झिस्टरांचे यंत्र करायचे तर प्रत्येकाची दोन-तीन टोके कोणीतरी बसून डाख लावून जोडायला हवीत, आणि त्यांतला एक सांधा कच्चा राहिला तरी सगळे यंत्र बंद. त्या काळच्या अभियंत्यांनी या संकटाला ‘संख्येची जुलूमशाही’ असे नाव दिले होते. तिच्यावरचा खरा तोडगा काही महिन्यांनी, १९५९ च्या आरंभी, कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड कंपनीत रॉबर्ट नॉइस यांना सुचला. त्यांचे सहकारी जाँ होर्नी यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर तसाच ठेवण्याची रीत काढली होती. नॉइस यांनी म्हटले, या थराला हवी तिथे भोके पाडा, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ लेप द्या, आणि नको असलेला लेप खोडून टाका. उरतील त्या रेघा म्हणजेच तारा. तार जोडायची नाही, छापायची. इंटिग्रेटेड सर्किटच्या शोधाचे श्रेय वाटताना या दोघांची नावे जोडीने घेतली जातात, त्याचे कारण हे आहे. निम्मा शोध ट्रान्झिस्टरांचा, निम्मा तारांचा.

छापायची म्हटले की आधी कोणीतरी चित्र काढायला हवे. या लेखाचा विषय ते चित्र काढणारी संगणक-प्रणाली हा आहे. तिला ‘राउटर’ म्हणतात. घराघरांत इंटरनेटसाठी लावलेली लुकलुकणारी डबी म्हणजे राउटर असे आपण समजतो. तिचा येथे संबंध नाही. चिपवरची कोणती दोन (किंवा वीस) टोके एकमेकांस जोडायची याची यादी हाती आल्यावर, प्रत्येक तार नेमकी कोणत्या वाटेने न्यायची हे ठरवणारी ती राउटर प्रणाली. अट एकच, ऐकायला सोपी: वेगवेगळ्या जोडण्यांच्या तारा एकमेकींना कोठेही शिवता कामा नयेत.

प्रारंभी हे चित्र माणसेच काढीत. १९७१ साली इंटेलने बाजारात आणलेल्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याचा आराखडा फेदेरिको फाजिन यांच्या देखरेखीखाली कागदावर शेकडो पटींनी मोठा करून हाताने आखला गेला. मग तो ‘रुबीलिथ’ नावाच्या, लाल पापुद्रा असलेल्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक तक्त्यावर धारदार पात्याने कापला जाई. नको असलेला लाल भाग चिमट्याने सोलून काढायचा, मग डोळ्यांत तेल घालून तपासायचे, कारण एखादा सुटा राहिलेला पापुद्रा म्हणजे चिपवर एक चुकीची तार. फाजिन यांनी या चिपच्या कडेला स्वतःच्या नावाची आद्याक्षरे कोरली आहेत. चित्रकाराने कोपऱ्यात सही करावी तशी. काम हाताचे होते, त्यामुळे सहीला अर्थ होता.

आज हातातल्या फोनमधील प्रोसेसरवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्यावर धातूचे दहा-पंधरा थर एकावर एक रचलेले असतात. एका थरावर सगळ्या तारा आडव्या, त्याच्या वरच्या थरावर सगळ्या उभ्या, त्याच्या वर पुन्हा आडव्या. एका थरावरून दुसऱ्यावर जायला मध्ये धातूने भरलेली छिद्रे असतात, त्यांना ‘व्हाया’ म्हणतात. खालच्या थरांतील तारा अतिशय बारीक, वर जावे तशा त्या जाड आणि रुंद होत जातात: गल्ली, रस्ता, महामार्ग. नखाएवढ्या जागेत या तारांची एकूण लांबी अनेक किलोमीटर भरते. यातली एकही वाट माणसाने बसून आखलेली नसते असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

यंत्राला वाट काढायला शिकवण्याची मूळ युक्ती चिपसाठी शोधलेलीच नव्हती. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील एडवर्ड मूर यांनी १९५७ साली हार्वर्डमधील एका परिषदेत चक्रव्यूहातून सर्वांत जवळची वाट कशी शोधावी यावर निबंध वाचला. (हे मूर म्हणजे ‘मूरचा नियम’वाले गॉर्डन मूर नव्हेत, नावे सारखी असल्याने घोटाळा होतो.) त्याच प्रयोगशाळेतील सी. वाय. ली यांनी ही कल्पना तारांच्या आराखड्याला लावली आणि १९६१ साली प्रसिद्ध केली. पुढची तीसेक वर्षे या क्षेत्रात जे काही घडले ते लींच्या पद्धतीत सुधारणा तरी होती किंवा तिच्यापासून सुटका करून घेण्याची धडपड तरी.

पद्धत अशी. चिपच्या पृष्ठभागाचे आलेखकागदासारखे बारीक चौकोन पाडा. काही चौकोन आधीच अडलेले असतील, तिथे दुसरी तार किंवा दुसरा भाग असेल. आता तार जिथून निघायची त्या चौकोनात पाणी सोडले आहे अशी कल्पना करा. शेतात दारे धरणाऱ्याला हे दृश्य सांगायला नको: पाणी एका वाफ्यातून लगतच्या मोकळ्या वाफ्यांत शिरते, बांध असेल तिथे थांबते, वळसा घालून पुढे जाते. पहिल्या टप्प्यात ज्या चौकोनांत पाणी पोचले त्यांवर १ लिहा, त्यांच्या शेजाऱ्यांवर २, मग ३. असे करता करता पाणी केव्हातरी मुक्कामाच्या चौकोनात शिरते. समजा तिथे ४७ आकडा पडला. आता उलटे फिरायचे: ४७ च्या शेजारी ४६ कुठे आहे, त्याच्या शेजारी ४५ कुठे, असे पायरी पायरीने मागे येत उगमापर्यंत पोचायचे. ही झाली तार. या पद्धतीचा मोठा गुण असा की वाट अस्तित्वात असेल तर ती सापडतेच, आणि सापडते ती सर्वांत आखूड असते. पाणी सगळीकडे पसरूनही मुक्कामी पोचले नाही, तर वाट नाहीच हे सिद्ध होते.

किंमतही तितकीच उघड आहे. हजार बाय हजार चौकोनांचा कागद म्हणजे दहा लाख चौकोन, आणि प्रत्येकात एक आकडा लक्षात ठेवायचा. साठच्या दशकातील संगणकांची स्मृती पाहता ही चैन परवडणारी नव्हती. येथे शेल्डन एकर्स यांनी १९६७ साली सुचवलेली युक्ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्यांच्या ध्यानात आले की परतीच्या वाटेवर आपल्याला पूर्ण आकडा लागतच नाही. लागते ते फक्त ‘मागचा चौकोन कोणता आणि पुढचा कोणता’ हे ओळखणे. मग १, २, ३, ४ ऐवजी १, १, २, २, १, १, २, २ असे लिहीत गेले तरी चालते. या मालिकेत कुठल्याही स्थानावर बोट ठेवा. त्याच्या आधीची आणि नंतरची खूण नेहमी वेगळीच असते. म्हणजे चौकोनाच्या अवस्था उरल्या चार: मोकळा, अडलेला, १ आणि २. चार अवस्थांना संगणकाचे दोन बिट पुरतात. कागद कितीही मोठा असो, दर चौकोनी दोन बिट. गणित म्हणून हे किरकोळ आहे, पण टंचाईतून येणारी बुद्धी कशी असते याचा इतका सुबक नमुना मी क्वचित पाहिला आहे.

वेळ वाचवण्याचे मार्ग वेगळे होते. १९६८ साली मिकामी आणि ताबुची यांनी, आणि १९६९ साली डेव्हिड हायटॉवर यांनी पाणी पसरवण्याऐवजी रेघा सोडायला सुरुवात केली. दोन्ही टोकांपासून सरळ रेघा मारा. अडल्या की तिथून काटकोनात वळा. दोन्हीकडच्या रेघा जिथे एकमेकींस छेदतील तिथे वाट तयार. शहराची जुजबी माहिती असलेला रिक्षावाला असाच जातो. मोकळ्या जागेत ही रीत फार वेगवान ठरते. गर्दीत मात्र हायटॉवर यांची पद्धत कधी कधी असलेली वाटही शोधू शकत नाही.

एका तारेचा प्रश्न इथे सुटला. मात्र चिपवर एक तार नसते, आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. पहिल्या तारेला मोकळे रान मिळते, ती ऐटीत सरळ जाते. दुसरीला पहिलीचा वळसा घालावा लागतो. हजाराव्या तारेच्या वेळी कागद इतका भरलेला असतो की तिला वाटच उरत नाही. प्रत्येक तार आपल्यापुरती उत्तम वाट घेते आणि सगळ्या मिळून काम अडते. मग क्रम कसा लावायचा? आखूड तारा आधी घ्याव्यात तर लांबवरच्यांची कोंडी होते, लांब आधी घ्याव्यात तर त्या मैदानाच्या मधून भिंती घालून ठेवतात. कुठलाही ठरीव क्रम सर्व नकाशांना लागू पडत नाही. जुन्या राउटरच्या कामाचा म्हणूनच एक ठरलेला शेवट असे: बहुतेक तारा यंत्र झटपट लावून टाकी, आणि उरलेल्या थोड्या अभियंत्याच्या पदरी पडत. ‘फक्त’ थोड्या. त्या उरत, कारण त्याच सर्वांत अवघड असत, आणि त्यांच्यासाठी यंत्राने लावलेल्या अर्ध्याअधिक तारा उचकटाव्या लागत.

या गर्दीवर सत्तरच्या दशकात एक तोड निघाली ती प्रश्नच लहान करण्याची. चिपवरचे भाग एकाच उंचीच्या ठोकळ्यांत बसवून त्यांच्या ओळी करायच्या आणि दोन ओळींमधील पट्टा तारांसाठी राखून ठेवायचा. समोरासमोरच्या दोन चाळी आणि मधली गल्ली. वरच्या चाळीच्या कुठल्या दारापासून खालच्या चाळीच्या कुठल्या दारापर्यंत तार न्यायची हे ठरलेले. प्रश्न इतकाच की गल्लीची रुंदी कमीत कमी किती ठेवता येईल. कारण गल्ली जितकी रुंद तितकी चिप मोठी, आणि चिप जितकी मोठी तितकी महाग.

१९७१ साली हाशिमोतो आणि स्टीव्हन्स यांनी यावर दिलेला उपाय मंगल कार्यालयाचा कोणताही व्यवस्थापक रोज वापरतो. कार्यालयात अनेक दालने आहेत, प्रत्येक लग्नाची सुरुवातीची आणि संपण्याची वेळ ठरलेली आहे, कमीत कमी दालनांत सगळी लग्ने बसवायची आहेत. सुरुवातीच्या वेळेनुसार यादी लावा. पहिल्या दालनात पहिले लग्न, ते संपल्यावर सुरू होणारे जे पहिले सापडेल ते त्यानंतर, असे करीत दालन भरले की दुसरे उघडा. एकाच वेळी जास्तीत जास्त जितकी लग्ने आहेत तितकीच दालने लागतात, एकही जास्त नाही. गल्लीत प्रत्येक तारेचा आडवा तुकडा म्हणजे एक लग्न, आणि दालन म्हणजे एक आडवी पट्टी.

फक्त गल्लीत एक भानगड जास्तीची असते. एखाद्या ठिकाणी वरचे दार ‘क’ तारेचे आणि त्याच्या बरोबर खालचे दार ‘ख’ तारेचे असेल, तर ‘क’ची आडवी पट्टी ‘ख’च्या वर असलीच पाहिजे, नाहीतर त्यांचे उभे तुकडे एकमेकांवर येतील. पुढे दुसऱ्या ठिकाणी हेच उलटे असेल, तर ‘क’ ‘ख’च्या वरही हवी आणि खालीही. तेव्हा आडवी तार मध्येच तोडून दुसऱ्या पट्टीवर उतरवावी लागते. या मोडलेल्या तारेला इंग्रजीत कुत्र्याच्या पायाची उपमा देऊन ‘डॉगलेग’ म्हणतात. १९७६ साली डेव्हिड डॉइच यांनी या युक्तीवर निबंध लिहिला आणि त्यात नमुन्यादाखल एक गल्ली दिली: ७२ तारा, आणि सर्वांत दाटीच्या ठिकाणी १९ तारांची गर्दी. म्हणजे १९ पट्ट्यांपेक्षा कमीत हे काम होणे अशक्य. डॉइच यांना २१ पट्ट्या लागल्या.

ही गल्ली पुढे ‘डॉइचचे अवघड उदाहरण’ म्हणून प्रसिद्ध पावली. शब्दकोड्याच्या नादी लागावे तसे जगभरचे संशोधक तिच्या मागे लागले. १९८२ साली योशिमुरा आणि कुह यांनी २० पट्ट्यांत ती बसवली. त्याच वर्षी फिडुचिया यांच्यासमवेत रोनाल्ड रिव्हेस्ट यांनीही २०पर्यंत मजल मारली. हे तेच रिव्हेस्ट, ज्यांच्या नावाचे आद्याक्षर आपल्या बँक-व्यवहारांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आरएसए’ या संकेतपद्धतीत आहे. १९८३ साली बर्स्टीन आणि पेलाव्हिन यांनी अखेर १९ चा आकडा गाठला. दोन पट्ट्या वाचवायला सात वर्षे लागली. बाहेरच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. मला तसे वाटत नाही: सगळ्यांनी एकाच नमुन्यावर हात आजमावल्यामुळे कोणाची पद्धत खरोखर चांगली हे पहिल्यांदा आकड्यांत मोजता आले. पुढे याच परंपरेतून राउटरच्या जाहीर स्पर्धा निघाल्या.

आणि मग गल्ल्याच नाहीशा झाल्या. धातूचे थर दोनाचे तीन, तीनाचे पाच झाल्यावर तारा ओळींच्या मधून नेण्याची गरज उरली नाही. त्या ठोकळ्यांच्या डोक्यावरून जाऊ लागल्या. ज्या प्रश्नावर एका पिढीने आयुष्य घातले तो सुटल्यावर काही वर्षांतच गैरलागू झाला. अभियांत्रिकीत असे वरचेवर होते आणि त्याचे कोणी सुतक पाळीत नाही.

आता एक खोल पाण्यातला मुद्दा. एकच तार दोनापेक्षा जास्त टोकांना जोडायची असेल तर सर्वांत आखूड जाळे कोणते? तीन गावांची एक नळयोजना करायची तर मुख्य नळ जिथे फुटतो तो सांधा तिन्हींपैकी एकाही गावात नसून माळावर असू शकतो, हे कोणताही गावकरी सांगेल. हा प्रश्न स्विस गणिती याकोब स्टायनर यांच्या नावाने ओळखला जातो. चिपवर तारा फक्त आडव्या-उभ्या जातात. अशा वेळी प्रत्येक टोकातून एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली, तर सांधा शोधायला त्या रेघांच्या छेदबिंदूंपलीकडे जावे लागत नाही, हे मॉरिस हॅनन यांनी १९६६ साली सिद्ध केले. तरीही छेदबिंदूंतून निवड करण्याचे पर्याय टोकांच्या संख्येबरोबर भयंकर वेगाने वाढतात. १९७७ साली गॅरी आणि जॉन्सन यांनी दाखवले की हा प्रश्न ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गातला आहे, म्हणजे त्याची सर्व उदाहरणे झटपट आणि अचूक सोडवणारी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि सापडेल असे बहुतेक गणित्यांना वाटतही नाही. एका तारेची ही कथा. लाखो तारा एकत्र आल्यावर काय होत असेल! व्यवहार मात्र सिद्धान्तापाशी अडून बसत नाही. चिपवरच्या बहुतेक तारांना मोजकीच टोके असतात. आयोवा विद्यापीठाच्या नव्हे, आयोवा स्टेट विद्यापीठाच्या (ही दोन वेगळी आहेत) क्रिस चू यांनी नऊ टोकांपर्यंतच्या सर्व मांडण्यांची उत्तरे आधीच काढून त्यांचे कोष्टक केले. राउटर आता गणित करीत नाही, पाढा म्हणतो.

क्रमाचा प्रश्न अजून तसाच आहे. त्यावरचा मला सर्वांत मनोज्ञ वाटणारा तोडगा १९९५ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील लॅरी मॅकमर्ची आणि कार्ल एबलिंग यांनी मांडला. त्याचे नाव ‘पाथफाइंडर’. तो मुळात एफपीजीए नावाच्या चिपांसाठी होता. तिथे तारा आधीच टाकलेल्या असतात, त्यांपैकी कुठल्या जोडायच्या एवढेच निवडायचे असते. आधीच्या पद्धती पहिल्या क्षणापासून ‘शिवाशिव नको’ हा नियम पाळीत, म्हणून पहिल्या तारेला मक्तेदारी मिळे. मॅकमर्ची आणि एबलिंग यांनी उलट केले. पहिल्या फेरीत सर्व तारांना मुभा: हवी ती वाट घ्या, एकाच जागेवर दहा जणींनी हक्क सांगितला तरी चालेल. मग प्रत्येक जागेला भाडे लावायचे. ज्या जागेवर गर्दी झाली तिचे भाडे वाढले. सर्व तारा उचलायच्या आणि नव्या भाड्यानुसार पुन्हा आखायच्या. ज्या तारेला जवळपास दुसरी वाट आहे ती थोडा वळसा घेऊन बाजूला होते. जिला पर्यायच नाही ती वाढीव भाडे सोसून तिथेच राहते.

एवढ्यावर भागत नाही. दोन तारा एका जागेवरून दोघीही उठून शेजारच्या जागेवर जातात, तिथे गर्दी झाली की दोघीही परत पहिलीकडे येतात, असा खेळ अनंत काळ चालू शकतो. म्हणून भाड्याचे दोन हिस्से केले. एक आजच्या गर्दीचा, आणि दुसरा पूर्वीच्या फेऱ्यांत ती जागा किती वेळा वादग्रस्त ठरली याचा. दुसरा हिस्सा कधी कमी होत नाही. जागा आज रिकामी दिसत असली तरी तिचा इतिहास महागडा असेल तर नवी तार विचार करूनच तिथे पाय ठेवते. फेरीमागून फेरी वाद निवळत जातात आणि बहुधा असा क्षण येतो की कोणाचीही कोणाशी शिवाशिव उरत नाही. कोणी आधी यावे हा प्रश्न सुटला नाही, तो विचारण्याची गरज संपली. यावरून समाजशास्त्राचा दृष्टान्त काढण्याचा मोह होतो. मी तो आवरतो, कारण तारांना लाच देता येत नाही.

आजच्या राउटरमध्ये हाच विचार दोन टप्प्यांत वापरला जातो. आधी चिपचे मोठे चौक पाडून कुठली तार कुठल्या चौकांतून जाईल एवढेच ठरवतात, आणि प्रत्येक चौकातून किती तारा जाऊ शकतात याचा हिशेब ठेवतात. मग दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तारेची नेमकी पट्टी, वळण आणि व्हाया ठरतात. पहिल्या टप्प्यात होणाऱ्या दाटीचा अंदाज आधीच कसा घ्यावा यावर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथावर प्रशांत सक्सेना, रूपेश शेलार आणि सचिन सापटणेकर अशी तीन नावे आहेत. मराठी वाचकाला त्यांतली दोन आडनावे परकी वाटणार नाहीत. सापटणेकर हे आयआयटी मुंबईचे पदवीधर, मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक.

दुसऱ्या टप्प्यातील कटकटी अंतहीन आहेत. ट्रान्झिस्टर लहान होतो तसा तो वेगवान होतो. तार लहान होते तशी ती मंदावते, कारण ती बारीक झाली की तिचा रोध वाढतो आणि शेजारीण जवळ आली की तिच्याशी विद्युत-लगट वाढते. नव्वदच्या दशकात चिपचा वेग ट्रान्झिस्टरांऐवजी तारांवर अडू लागला. १९९७ साली आयबीएमने अ‍ॅल्युमिनियम सोडून तांब्याच्या तारा वापरण्याचे जाहीर केले ते म्हणूनच. तांबे खोडून रेघा काढणे जमत नाही, म्हणून पद्धत उलटी केली: आधी चर कोरायचा, त्यात तांबे भरायचे, वर आलेले घासून सपाट करायचे. तिला दमास्कसच्या जडावकामावरून नाव पडले आहे. बिदरचे बिदरीकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना चांदीची तार चरात बसवून घासण्याची रीत वेगळी सांगायला नको.

शिवाय छपाईचा प्रकाश. बरीच वर्षे चिपा १९३ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशाने छापल्या गेल्या आणि तारा त्याहून कितीतरी बारीक झाल्या. एका साच्यात इतक्या जवळ रेघा उमटत नाहीत, म्हणून एकाआड एक तारा दोन वेगळ्या साच्यांवर टाकाव्या लागतात. जणू प्रत्येक तारेला लाल किंवा निळा रंग द्यायचा, आणि फार जवळच्या दोघींना एक रंग नको. तीन तारा एकमेकींच्या जवळ आल्या की दोन रंग पुरत नाहीत. राउटरला वाट काढता काढता हेही पाहावे लागते. असे नियम प्रत्येक कारखान्याचे निराळे, नव्या पिढीच्या चिपांसाठी हजारांच्या घरात, आणि बहुतेक गुप्त.

इथे विषय तंत्राबाहेर जातो. असा राउटर तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीन: सिनॉप्सिस, केडन्स, आणि पूर्वीची मेंटर ग्राफिक्स, जी २०१७ पासून जर्मनीच्या सीमेन्सकडे आहे. तिन्हींची मुळे अमेरिकेत. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने सर्वांत पुढच्या पिढीचे ट्रान्झिस्टर आखणाऱ्या प्रणालींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. मे २०२५ मध्ये चीनला होणारी या प्रणालींची विक्री व्यापकपणे अडवली, आणि जुलैमध्ये व्यापारी वाटाघाटींनंतर अडसर उठवला. वस्तू परत मिळाली. पण एका पत्राने ती थांबू शकते हे सर्वांना दिसले. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर झाली. वर्तमानपत्रांत कारखान्यांच्या भूमिपूजनाची छायाचित्रे येतात. महाविद्यालयांना आणि नवउद्योगांना आराखड्याच्या प्रणाली सी-डॅकच्या बंगळुरू येथील केंद्रामार्फत उपलब्ध करून दिल्या जातात, हे चांगलेच आहे. परंतु त्यांतील मुख्य प्रणाली परक्या कंपन्यांच्या परवान्यावर आहेत. छापखाना आपला, खिळे आपले, आणि अक्षरजुळणी करणारा उसना, अशी ही स्थिती आहे. तिच्याविषयी फार कमी बोलले जाते असे माझे मत आहे.

निराळी वाट नाही असे नाही. २०१८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेच्या पैशातून, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील अँड्र्यू कांग यांच्या नेतृत्वाखाली ‘ओपनरोड’ हा प्रकल्प सुरू झाला. उद्दिष्ट धाडसी होते: २४ तासांत, माणसाचा हात न लागता, चिपचा संपूर्ण आराखडा. त्यातील राउटरसह सर्व संगणक-आज्ञावली खुली आहे; कोणीही वाचावी, बदलावी. २०२० साली गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरच्या एका कारखान्याचे नियमही खुले केले. हे तंत्र आजच्या आघाडीच्या चिपांपेक्षा पुष्कळ मागचे आहे आणि खुला राउटर व्यापारी राउटरची बरोबरी करीत नाही. तरी आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली विद्यार्थिनी साध्या संगणकावर तो उतरवून घेऊन, एक पैसा न देता, स्वतःची छोटी चिप आखू शकते.

ती चालवताना पडद्यावर दिसते ते असे. राउटर फेरी सुरू करतो, संपवतो, आणि नियमभंगांची संख्या छापतो. पहिल्या फेरीअखेर ती हजारांत असते. पुढच्या फेरीत शेकड्यांत येते, मग दोन अंकांत. मग कधी कधी दोन किंवा तीनवर येऊन अडते, आणि फेरीमागून फेरी तिथेच घुटमळत राहते. अशा वेळी आराखड्याचे चित्र मोठे करून ती जागा शोधायची, कोणत्या दोन तारा भांडत आहेत ते पाहायचे, त्यांच्या वाटेतला एखादा ठोकळा किंचित सरकवायचा आणि राउटर पुन्हा सुरू करायचा.